न थांबणारा फेरा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज निदान आरंभी तरी त्यांतल्या कशावरही बोलणार नाही. संगणकाचा एक प्रोग्रॅम थांबत नव्हता, तो एका नवशिक्या मुलीने कसा थांबविला, एवढीच हकीकत आम्हांला सांगावयाची आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातली ही व्याख्याने सुरू केली, तेव्हा ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने चार लोकांत सांगावे, हा हेतू त्यांच्या मनात असलाच पाहिजे, अशी आमची समजूत आहे. त्या आधारावर आम्ही येथे उभे आहो.

ही मुलगी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची. तिने आय.टी.आय. केले आणि चाकणच्या पट्ट्यात जुळणीच्या कामावर लागली. काम सात महिन्यांचे. सात महिने भरले की 'ब्रेक'. मग दुसरा ठेकेदार, दुसरे गेट, पुन्हा सात महिने. अशा तिसऱ्या ब्रेकमध्ये ती घरी होती. संध्याकाळी संगणकाच्या एका वर्गाला जात होती आणि कोणीतरी वापरून टाकलेला लॅपटॉप तिने हप्त्याने घेतला होता. एका शनिवारी रात्री आठच्या सुमारास ती चिंचवडच्या आमच्या कचेरीत आली. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, हे माझ्याच्यानं होणार नाही. सोमवारी नव्या ठेकेदाराकडं बोलावलंय. वर्ग सोडते, फीचे उरलेले पैसे तरी वाचतील."

लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. पडद्यावर काहीच नव्हते, नुसती एक उभी रेघ लुकलुकत होती. आम्ही विचारले, "हे काय चाललं आहे?" ती म्हणाली, "तेच तर कळत नाही. अर्धा तास झाला. थांबतही नाही आणि काही सांगतही नाही."

संगणकाच्या मंडळींत याला 'इन्फिनिट लूप' म्हणतात. आपल्या भाषेत रहाटगाडगे म्हणा. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या आज्ञा. त्यांत 'अमुक होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा कर' अशी एक आज्ञा असते, तिला लूप म्हणतात. ते 'अमुक' कधीच झाले नाही, तर यंत्र फिरतच राहते. त्याला कंटाळा नाही, भूक नाही आणि शंकाही येत नाही. घाण्याचा बैल निदान संध्याकाळी थांबतो. आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. तोही अशा फेऱ्यात सापडला असता तर अधिक वेगाने फिरला असता, इतकेच.

आता आमची एक जुनी आठवण सांगितली पाहिजे, कारण पुढे आम्ही जे केले ते तिच्यामुळे. आम्ही सी.एन.सी. लेथवर नवे होतो तेव्हाची ही गोष्ट. या यंत्राच्या प्रोग्रॅमच्या शेवटी 'एम ३०' लिहिले की काम संपते आणि यंत्र थांबते. मुख्य प्रोग्रॅमच्या शेवटी 'एम ९९' लिहिले तर यंत्र पुन्हा पहिल्या ओळीवर जाते आणि सारे काम नव्याने सुरू करते. आम्ही एकाच्या जागी दुसरे लिहिले. तयार झालेल्या जॉबवर टूल पुन्हा येऊन हवेतच कातू लागले. वरिष्ठ धावत आले, आम्हांला खांद्याने बाजूला सारले, चार बटणे दाबली, सारे ठीक केले आणि निघून गेले. काय चुकले ते त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. त्यानंतर दोन वर्षे आम्ही प्रोग्रॅम बदलण्याच्या बटणाला हात लावला नाही. यंत्र दुरुस्त झाले, परंतु माणूस दोन वर्षे बंद पडला.

म्हणून त्या रात्री आम्ही पहिली गोष्ट केली ती ही, की दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. "कीबोर्ड तुझ्याकडेच राहू दे. आधी ते फिरणं थांबव," असे तिला सांगितले. कंट्रोल आणि सी ही दोन बटणे एकदम दाबली की चालता प्रोग्रॅम बहुधा थांबतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते! अर्ध्या तासाची घरघर क्षणात शांत झाली. आपल्या हातून सुरू झालेली गोष्ट आपल्याच हाताने थांबते, एवढ्या अनुभवानेही भीती निम्मी होते.

मग आम्ही विचारले, "तुला हे काय करायला सांगायचं होतं?" प्रोग्रॅममध्ये काय लिहिले आहे ते आम्ही विचारले नाही, तिच्या मनात काय होते ते विचारले. तिने जे सांगितले ते ऐकून आम्हांला मोठा आनंद झाला, कारण तो आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांचा शोध होता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी १९२७ साली मिळविले आणि पुढे तीसएक वर्षे देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. आकड्यांचे वेड मात्र अफाट. १९४९ साली त्यांनी एक चमत्कार जगापुढे मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ च्या दाराशी येता. कापरेकर १९८६ साली वारले. आज ही संख्या जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मुलीने प्रोग्रॅम लिहिला होता तो असा: '६१७४ येईपर्यंत ही क्रिया करीत राहा.' ३५२४ वर तो चालला. तिच्या जन्मसालावरही चालला. तेव्हा हुरूप येऊन तिने १००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या संख्या ओळीने तपासावयास सांगितल्या आणि यंत्र मुके झाले.

आता पाणी कुठे मुरते ते कसे शोधावे? नवशिक्याची पहिली धाव 'इथे काहीतरी बदलून पाहू' अशी असते. ती धाव वाईट, कारण तिने एक चूक झाकते आणि दोन नव्या होतात. आम्ही तिला म्हणालो, "बाई, काही बदलू नकोस. प्रत्येक फेरीला हातात कोणता आकडा आहे तो पडद्यावर छापायला सांग, आणि नुसतं बघ." तिने एक ओळ वाढविली. पडद्यावर आले: १०००, ९९९, ०, ०, ०, ० आणि शून्यांचा लोंढा. पहिल्याच संख्येला गाडी अडकली होती!

आम्ही गप्प बसलो. असे गप्प बसणे फार कठीण असते, कारण उत्तर ठाऊक असलेल्या माणसाची जीभ खाजते. ती आकड्यांकडे पाहत राहिली, मग कागद ओढून हाताने करू लागली. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. "आता ९९९ उलटं केलं तरी ९९९च. वजा केले की शून्य. बरोबरच आहे की, काका." मग दोन मिनिटे शांतता. मग एकदम म्हणाली, "पण हा तर तीनच अंकी झाला! पुढचं शून्य कुठं गेलं?"

तेच तर! कापरेकरांच्या खेळात ती संख्या ०९९९ अशी चार अंकी धरावयाची असते. यंत्राच्या लेखी पुढच्या शून्याला किंमत नाही, म्हणून त्याने ते टाकून दिले. शून्य जागेवर ठेवले की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४. मुलीने ती दुरुस्ती स्वतः केली. यंत्र धावू लागले आणि पडदा भरभर भरला. ती हसली, आणि तेवढ्यात पुन्हा ये रे माझ्या मागल्या! १११० पर्यंत सुरळीत आणि ११११ ला पुन्हा शून्यांचा लोंढा.

तिचा चेहरा उतरला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? दुरुस्त करूनही तेच."

आम्ही म्हणालो, "तेच कसं? मघाशी पहिल्याच संख्येला अडकलं होतं, आता एकशे अकरा संख्या पार करून अडकलं. जागा निराळी म्हणजे कारण निराळं असेल. हात चालव." या वेळी तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. चारही अंक सारखे असले तर वजाबाकी शून्यच येणार. मास्तरांनी ती अट आधीच घातली होती आणि हिने ती वाचली होती, परंतु प्रोग्रॅममध्ये लिहावयाची राहिली होती. श्रोतेहो, येथे फरक ध्यानात घ्या. पहिला फेरा लिहिण्यातल्या चुकीचा होता. दुसरा फेरा गृहीत धरलेल्या गोष्टीचा होता: 'प्रत्येक संख्या तेथे पोहोचतेच' असे आपण मानून चाललो आणि काही संख्या पोहोचत नव्हत्या. अशा नऊ संख्या वगळल्यावर उरलेल्या ८९९१ संख्या एकामागून एक ६१७४ ला जाऊन टेकल्या आणि प्रोग्रॅम थांबला. रात्रीचे साडेनऊ झाले होते.

अशा चुका फक्त नवशिकेच करतात असे कोणी समजू नये. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'झून' नावाची गाणी ऐकण्याची पुष्कळ यंत्रे एकाच दिवशी गोठली. ते वर्ष लीप, म्हणजे ३६६ दिवसांचे. आतल्या घड्याळाचा प्रोग्रॅम म्हणत होता, 'दिवसांचा आकडा ३६५ हून मोठा असेपर्यंत वर्षाचे दिवस वजा कर.' लीप वर्ष असेल तर आकडा ३६६ हून मोठा असेल तेव्हाच वजाबाकी करावयाची, अशी आतली अट होती. आता आकडा नेमका ३६६ असेल तर? ३६५ हून मोठा, म्हणून बाहेर पडता येत नाही; ३६६ हून मोठा नाही, म्हणून वजाबाकी होत नाही. काहीच बदलत नाही आणि फेरा चालूच! बॅटरी संपू द्या आणि नवे वर्ष उजाडल्यावर दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करा, असे ग्राहकांना सांगावे लागले. फेऱ्यातून बाहेर पडावयाचे तर प्रत्येक फेरीत काहीतरी बदलले पाहिजे आणि तो बदल शेवटाच्या दिशेने असला पाहिजे. लूप तपासणाऱ्याने स्वतःस पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच: या फेरीत काय बदलले?

यावर कोणी म्हणेल, मग कोणता प्रोग्रॅम थांबेल आणि कोणता नाही हे आधीच सांगणारे एखादे यंत्र का करीत नाहीत? हा प्रश्न अॅलन ट्युरिंग या तरुण इंग्रज गणितज्ञाने, आजचे संगणक जन्मण्यापूर्वी, १९३६ साली सोडविला. सर्व प्रोग्रॅमना लागू पडेल असा परीक्षक असणे शक्यच नाही, हे त्याने सिद्ध केले. त्याची युक्ती थोडक्यात अशी. असा परीक्षक आहे असे घटकाभर माना. आता आपण एक उलट्या काळजाचा प्रोग्रॅम लिहू. तो परीक्षकाला स्वतःविषयीच विचारतो, 'मी थांबेन काय?' परीक्षक 'होय' म्हणाला की तो मुद्दाम फिरत राहतो आणि 'नाही' म्हणाला की मुद्दाम थांबतो. परीक्षक काहीही बोलला तरी खोटा ठरतो. म्हणून असा परीक्षक नाही. पुष्कळशा प्रोग्रॅमांचे निदान यंत्रे करतात आणि उत्तम करतात. परंतु सगळ्यांना पुरेल अशी एकच गुरुकिल्ली नाही. तेव्हा डोळे उघडे ठेवून आकडे पाहणे आणि कागदावर हाताने करून बघणे ही जुनी विद्या कायम राहणार.

प्रत्येक न थांबणारा फेरा वाईट, असेही नाही. कारखान्यातली यंत्रे ज्या पी.एल.सी. नावाच्या पेटीवर चालतात, तिचे कामच अखंड फेऱ्याचे असते: बाहेरची बटणे वाच, प्रोग्रॅम चालव, मोटारींना हुकूम दे, पुन्हा पहिल्यापासून. तो फेरा थांबला तर लाइन थांबेल. परंतु तिच्या आत एक पहारेकरी घड्याळ बसविलेले असते. एक फेरी ठरल्या वेळेत पुरी झाली नाही तर ते यंत्रणा बंद करते. फेरा चालू राहावा, परंतु त्याच्यावर पहारा असावा, हा त्यातला शहाणपणा आहे.

आता पुन्हा त्या रात्रीकडे वळू. आम्ही कचेरीला कुलूप लावण्याच्या तयारीत होतो. मुलगी म्हणाली, "काका, पाच अंकी घेतल्या तर?" हा प्रश्न आम्ही सुचविला नव्हता. तिने तो आपल्या मनाने काढला आणि आपल्या हाताने चालवून पाहिला. यंत्र पुन्हा फिरू लागले. या वेळी ती घाबरली नाही. आकडे छापले तर दिसले: ५३९५५, ५९९९४, ५३९५५, ५९९९४. दुसऱ्या संख्येपासून निघाली तर ७४९४३, ६२९६४, ७१९७३, ८३९५२ आणि पुन्हा ७४९४३. प्रोग्रॅममध्ये चूक कोठेच नव्हती. पाच अंकी संख्यांना ६१७४ सारखे एक घरच नाही. तीन निरनिराळी रिंगणे आहेत आणि प्रत्येक संख्या त्यांपैकी एकात सापडून फिरत राहते. पाचही अंक सारखे असले, तर मात्र ती मघासारखीच शून्यावर जाते.

"मग हे थांबवायचं कसं?" तिने विचारले आणि उत्तरही तिनेच दिले. आलेला प्रत्येक आकडा यादीत लिहून ठेवावयाचा. नवा आकडा यादीत आधीच असेल, तर आपण रिंगणात आहो हे ओळखून थांबावयाचे.

हे म्हणताना तिने पर्समधून एक छोटी वही काढली. ती वही आम्हीच तीन वर्षांपूर्वी तिला दिली होती. युनियनमध्ये येणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला आम्ही अशी वही देतो आणि सांगतो: कामावर लागल्याची तारीख, ब्रेकची तारीख, ठेकेदाराचे नाव लिहीत जा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम भरले की ती एक वर्षाची सलग नोकरी धरीत असत. पुष्कळ ठिकाणी 'सात महिने' हा आकडा आला तो त्या २४० च्या अलीकडे थांबावे म्हणून. कायदे बदलले, परंतु ही सवय कारखान्यांच्या अंगवळणी पडून राहिली. मुलीने वहीची तीन पाने उलटली आणि म्हणाली, "काका, हेसुद्धा ५३९५५ च आहे."

आम्ही काही बोललो नाही. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्यावर भाषण देता आले असते. परंतु मघाशी टेबलाखाली ठेवलेले हात आता बाहेर काढावेत, असे आम्हांला वाटले नाही.

ती सोमवारी नव्या ठेकेदाराकडे गेली. जावेच लागले, कारण घरी पैशांची गरज होती. ती आता मोठी प्रोग्रॅमर झाली आहे असे सांगून आम्ही आपल्या टाळ्या घेणार नाही. तिला अजून तसली नोकरी मिळालेली नाही. तिने वर्ग मात्र सोडला नाही आणि सात महिन्यांची मुदत संपण्यापूर्वीच दुसरीकडे अर्ज करू लागली. आपण कोठे फिरत आहो ते तिला दिसले आहे. ते दिसल्यावाचून कोणताच फेरा तुटत नाही. नुसते दिसल्याने तुटतो असेही नाही. एकट्या मुलीची वही हा पुरावा आहे. अशा पाचशे वह्या एका टेबलावर आल्या की ती मागणी होते. ते काम आमचे आहे आणि ते आम्ही करीत आहो.

आपणांकडे मात्र आमचे एक लहानसे मागणे आहे. या सभागृहात निवृत्त इंजिनियर आहेत, शिक्षक आहेत, बँकेत संगणकावर आयुष्य काढलेले लोक आहेत. चाकणला, भोसरीला, हडपसरला अशी कितीतरी मुले रात्री लुकलुकत्या रेघेसमोर एकटी बसलेली आहेत आणि 'हे माझ्याच्यानं होणार नाही' असे म्हणत आहेत. त्यांपैकी एकाजवळ रविवारी तासभर बसा. काय करायचे होते ते विचारा. प्रत्येक फेरीचा आकडा छापायला सांगा. कागद पुढे सरकवा. उत्तर तुम्हांला पहिल्या मिनिटाला दिसेल, तरी जीभ आवरा. आणि आम्हांला दोन वर्षे लागलेला धडा ध्यानात ठेवा: आपले हात टेबलाखाली ठेवा.